सहा जणींचा प्रवेश रद्द

काकांनी वेबसाइट बनवायला शिकावं असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि शिकायला जाण्याआधी त्यांनीही कोणाला विचारलं नाही. पुढे जे झालं त्याचा दोष बराचसा या वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे जातो.

काका पाणीपुरवठा खात्यात ड्राफ्ट्समन होते. चौतीस वर्षं त्यांनी जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढले. त्यातला एकही नळ त्यांनी डोळ्यांनी पाहिला नव्हता, पण कागदावर रेघ अर्धा मिलिमीटर सरकलेली असली तर ती त्यांना खोलीच्या दारातून दिसायची. अशा नजरेला निवृत्तीनंतर घरात काम मिळत नाही. भिंतीवरच्या तसबिरी सरळ करून झाल्या, डब्यांना चिठ्ठ्या लावून झाल्या, चपलांच्या जागा आखून झाल्या. पाचव्या महिन्यात ते काकूंच्या शिवणाच्या खोलीत शिरले आणि काकूंची मोजपट्टी वापरून वापरून दोन मिलिमीटर ताणली गेली आहे, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. काकूंनी त्यांना शांतपणे बाहेर जाऊन बसायला सांगितलं.

सगळ्यांसमोर म्हणजे काकूंच्या शिवणवर्गासमोर. दर सोमवारी आणि गुरुवारी दुपारी तीन वाजता सहा बायका यायच्या. हॉस्पिटलातल्या नर्सबाई, बँकेतून निवृत्त झालेल्या कॅशियरबाई, न्यायालयात टायपिंग केलेल्या टायपिस्टबाई, दोन सख्ख्या जावा, आणि सगळ्यांत मोठ्या म्हणून ज्यांना सगळ्या थोरल्या बाई म्हणत त्या. वर्ग म्हणायचा तो रिवाज म्हणून. त्यातल्या पाच जणींना शिवण केव्हाच आलेलं होतं आणि थोरल्या बाईंना ते येण्याची शक्यता उरलेली नव्हती. त्या एकोणीस वर्षं काजं करायला शिकत होत्या. त्यांचं काज एका टोकाला सुरू व्हायचं आणि दुसऱ्या टोकाला निराळ्याच दिशेला निघून जायचं. मग काकू ते उसवून द्यायच्या, थोरल्या बाई पुन्हा बसायच्या, आणि तेवढ्यात दोघी जावांपैकी एक काहीतरी बोलायची आणि खोलीभर हसणं व्हायचं. ते बाहेरच्या खोलीत काकांना ऐकू यायचं. काय झालं म्हणून त्यांनी दोनदा आत डोकावून पाहिलं, तर दोन्ही वेळा हसणं थांबलं. तिसऱ्यांदा ते गेले नाहीत.

अशा एका गुरुवारी त्यांनी वर्तमानपत्रात विद्यापीठाची जाहिरात वाचली: वेबसाइट डिझाइन आणि वेब प्रोग्रॅमिंग, एक वर्षाची पदविका, वयाची अट नाही. काकांना शेवटचे तीन शब्द आपल्याला उद्देशून लिहिले आहेत असं वाटलं.

अर्ज फक्त ऑनलाइन भरायचा होता. त्यात जन्मसालाची यादी होती आणि त्या यादीत काकांचं सालच नव्हतं. एकोणचाळीस वर्षांपूर्वी जग सुरू झालं अशा समजुतीनं ती कोणीतरी बनवलेली होती. काका विद्यापीठात गेले. पहिल्या खिडकीवर त्यांना सांगण्यात आलं की वयाची अट नसल्यामुळे यादीत वय असलंच पाहिजे असं नाही. दुसऱ्या खिडकीवर सांगितलं की यादी संगणक विभागानं केली, तिथे जा. संगणक विभागात सांगितलं की यादी विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून केली होती आणि ते विद्यार्थी आता परदेशी असतात. शेवटी एका सज्जन कारकुनानं यादीतलं सगळ्यांत जुनं साल निवडून दिलं. काकांच्या ओळखपत्रावर वय एकोणचाळीस छापून आलं. फोटो मात्र खराच होता, त्यामुळे ते ओळखपत्र पाहणारा प्रत्येक शिपाई काकांकडे पाहून हळहळायचा आणि त्यांना बसायला खुर्ची द्यायचा.

शाळा सोडल्याचा दाखला, तो हरवला नसल्याचं प्रतिज्ञापत्र, आणि ते प्रतिज्ञापत्र करणारे काका म्हणजे तेच काका, असं आणखी एक पत्र, हे सगळं जोडून झाल्यावर त्यांना प्रवेश मिळाला.

घरी त्यांनी काकूंना अभ्यासक्रम वाचून दाखवला. आपण आता जावास्क्रिप्ट शिकणार, असं ते म्हणाले तेव्हा काकू कापड कापता कापता म्हणाल्या, की माझ्याकडे दोन जावा आठवड्यातून दोनदा येतात, त्यांची स्क्रिप्ट मला पाठ आहे, तुम्हाला हवी तर सांगते. मार्जिन म्हणजे काय हे काकांनी त्यांना समजावायला घेतलं तेव्हाही तसंच झालं. काकूंनी मान वर न करता सांगितलं की तीस वर्षं मी दुसरं काय सांगतेय बायकांना, शिवणीला मार्जिन सोडा म्हणून. काकांना विद्यापीठाचं शिक्षण घरात किती कमी वेळ टिकतं याचं वाईट वाटलं.

वर्गात मात्र ते रमले. बरोबरची मुलं विशी-बाविशीतली, ती त्यांना काकाच म्हणायची, आणि शिकवणाऱ्या मॅडम त्यांच्या मुलीच्या वयाच्या. एचटीएमएल नावाच्या भाषेत जी खूण उघडायची ती बंद करावी लागते, हे ऐकून काकांना आपण आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. चौतीस वर्षं ते खात्यातल्या लोकांना कपाटांबद्दल हेच सांगत होते. त्यांचा पहिला मोठा अपेक्षाभंग झाला तो तिसऱ्या आठवड्यात. त्यांनी काटेकोर मोजून एक पान बनवलं. प्रयोगशाळेच्या स्क्रीनवर ते देखणं दिसलं. मॅडमनी ते स्वतःच्या फोनवर उघडून दाखवलं तर मथळा तीन ओळींत तुटला होता आणि फोटो तळाला जाऊन बसला होता. काकांनी विचारलं, की यातलं खरं पान कोणतं. मॅडम म्हणाल्या, की खरं असं काही नसतं, ज्याच्या हातात जसं दिसेल तसं. त्या दिवशी जेवताना काकांनी ताट दोनदा सरळ करून पाहिलं.

मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. डिझाइन म्हणजे रंग आणि अक्षरं नव्हेत. ज्यांच्यासाठी करायचं त्यांना आधी जाऊन विचारायचं, तुम्हाला काय हवंय आणि हवंय का. काकांनी हे वाक्य वहीत उतरवून पट्टीनं अधोरेखित केलं. दोन समांतर रेघा, मधलं अंतर दीड मिलिमीटर.

दुसऱ्या सत्रात प्रत्येकानं एक पूर्ण वेबसाइट करायची होती. काकांनी काकूंच्या शिवणवर्गाची करायचं ठरवलं आणि काकूंना सांगायचं नाही असंही ठरवलं. त्यांना काकूंना चकित करायचं होतं. खरं सांगायचं तर त्यांना त्या खोलीत पुन्हा एकदा शिरायचं होतं, आणि या वेळी कोणी हसणं थांबवू नये अशा कारणानं.

काकूंना सांगितलं नाही, बाकी सगळ्यांना सांगितलं. वरच्या मजल्यावर विमा एजंट राहायचे. ते म्हणाले की पहिल्याच पानावर भीती घालायची, शिवण येत नसेल तर उद्या काय कराल, असं. समोरचे दाताचे डॉक्टर म्हणाले की भीती नको, हसरा चेहरा हवा, आणि त्यांनी हसऱ्या चेहऱ्याचा फोटो दिला. त्याच्या कोपऱ्यात त्यांच्या दवाखान्याच्या वेळा होत्या. तळमजल्यावर निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांना शिवणवर्ग हा शब्दच पटला नाही. त्यांनी शिवणकला प्रबोधिनी असं नाव दिलं, काकूंना संचालिका केलं, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी एक सुविचार घालण्याची तयारी दाखवली. सुविचार त्यांचे स्वतःचे होते. इमारतीच्या सचिवांनी एवढीच विनंती केली की पाणी कधी येतं-जातं तेही एका कोपऱ्यात टाका, म्हणजे सूचनाफलकाचा कागद वाचेल. पाण्याच्या बाबतीत काका नाही म्हणू शकले नाहीत. दोन महिन्यांत वेबसाइट अशी झाली, की ती उघडणाऱ्याला दात, पाणी आणि सदाचार यांची माहिती मिळून मग शिवणाकडे जाता यायचं.

आतलं काम मात्र काकांनी चोख केलं. नवीन विद्यार्थिनीनं अर्ज भरायचा, तिचं नाव यादीत जायचं, संचालिकेला ती यादी दिसायची, आणि नको असेल त्या नावापुढे ‘प्रवेश रद्द’ असं लाल बटण. बटण दाबलं की नाव जायचं आणि त्या व्यक्तीला आपोआप ईमेल जायचा. ईमेलचा मजकूर मुख्याध्यापकांनी लिहून दिला. चाळीस वर्षांत त्यांनी असे बरेच मजकूर लिहिले होते, त्यामुळे त्यांना वेळ लागला नाही.

चाचणीसाठी खोटी नावं घाला, मॅडमनी बजावलं होतं. मुलांनी ‘कखग’ आणि ‘अबक’ अशी नावं घातली. काकांना ते जमेना. सरकारी नकाशावर नसलेला नळ दाखवायचा नाही, हा हाताचा धर्म झालेला. त्यांनी काकूंच्या वहीतून सहा जणींची नावं आणि ईमेलचे पत्ते उतरवून घेतले. वर्गाचे फोटो पाठवायला म्हणून मुलीनं मागे कधीतरी ते गोळा केले होते. सगळे पत्ते अचूक होते.

ईमेल काही जात नव्हता. आठ आठवडे काकांनी खटपट केली. बटण दाबलं की स्क्रीनवर ‘संदेश पाठवला’ असं यायचं, पण जायचं काही नाही. ते वाक्य काकांनी स्वतःच लिहिलेलं असल्यामुळे त्यांचा त्यावर विश्वास नव्हता. शेवटी त्यांनी मनाची समजूत घातली की परीक्षक काही पोस्टमन नाहीत.

परीक्षेच्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेचे सहायक सगळी यंत्रं तपासत होते. काकांची ईमेलची सेटिंग त्यांनी पाहिली, संदेश ज्या वाटेनं बाहेर जातो त्या पोर्टचा आकडा चुकलेला होता, तो त्यांनी दुरुस्त केला. जाता जाता ते काकांना म्हणालेही, की तुमचं ते लावून दिलंय. काका त्या वेळी टाय बांधत होते. त्यांना वाटलं पंख्याबद्दल बोलताहेत.

बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर काका उभे राहिले. यादी दाखवली, सहा नावं. परीक्षक म्हणाले, नाव काढून दाखवा. काकांनी नर्सबाईंचं नाव काढलं. संदेश पाठवला. परीक्षक म्हणाले, वा. कौतुकानं माणसाचा हात सैल होतो. काकांनी कॅशियरबाईंना काढलं, टायपिस्टबाईंना काढलं, दोघी जावांना एकामागून एक काढलं, आणि शेवटी थोरल्या बाईंना काढून यादी रिकामी झाल्यावर काय दिसतं तेही दाखवलं. ‘सध्या एकही विद्यार्थिनी नाही’, मध्यभागी, मापात. मागे बसलेल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. काकांना त्या वर्षातल्या प्रत्येक खिडकीचा आणि प्रतिज्ञापत्राचा मोबदला मिळाल्यासारखं वाटलं.

तो बुधवार होता. गुरुवारी तीन वाजता काकूंच्या वर्गाला कोणी आलं नाही.

काकूंना वाटलं काहीतरी कारण असेल. सोमवारी त्यांनी मशीनला तेल घातलं, खडू नवे काढले, सहा खुर्च्या मांडल्या. साडेतीनला त्यांनी टायपिस्टबाईंना फोन केला. टायपिस्टबाई एवढंच म्हणाल्या, की कारण तुम्हाला ठाऊक आहेच, आणि फोन ठेवून दिला. काकूंना कारण ठाऊक नव्हतं. मग त्यांनी एकेक कारण शोधायला सुरुवात केली, आणि तीस वर्षं शिकवलेल्या माणसाला स्वतःत हवी तेवढी कारणं सापडतात. गेल्या महिन्यात मी नर्सबाईंच्या फ्रॉकला नावं ठेवली. जावांपैकी धाकटीचं कौतुक जास्त होतं. आता माझे डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत, दोरा ओवायला मी दुसरीला सांगते, कंटाळल्या असतील. बाजारात नर्सबाई समोरून आल्या आणि त्यांना पाहून रस्ता ओलांडून गेल्या. त्या दिवसानंतर काकूंनी खुर्च्या मांडल्या नाहीत.

काकांच्या हे लक्षात यायला तीन आठवडे लागले, कारण ते निकालाची वाट पाहत होते. निकाल लागला, पहिला वर्ग मिळाला. प्रमाणपत्रासाठी चौकट करवून घेताना त्यांच्या ध्यानात आलं की आज सोमवार आहे आणि घरात आवाज नाही. शिवणाच्या खोलीत काकू खिडकीशी बसून जुनी काजं उसवत होत्या. कोणाचीही नसलेली, चिंधीवरची.

काकांनी विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, की बायका यायच्या बंद झाल्या, त्यात काय विशेष. काकांना त्या क्षणी आपण वेळेवर आलेला उपाय आहोत असं वाटलं. ते लॅपटॉप घेऊन आले आणि म्हणाले, जुन्या गेल्या तर जाऊ देत, आता नवीन येतील, हे बघ मी तुझ्यासाठी वर्षभर काय करत होतो.

काकूंनी चष्मा लावला. त्यांनी दात पाहिले, पाण्याच्या वेळा पाहिल्या, संचालिका या शब्दाखाली स्वतःचं नाव पाहिलं. काकांनी उत्साहानं आतलं पान उघडलं. एकही विद्यार्थिनी नाही, असं तिथे आलं.

“हे बरोबर आहे,” काकू म्हणाल्या.

काका घाईनं म्हणाले की तसं नाही, इथे आधी नावं होती, तुझ्याच सहा जणींची, नुसती परीक्षेपुरती घातलेली.

“मग गेली कुठे?”

“काढून दाखवली. परीक्षकांनी सांगितलं म्हणून.”

काकूंनी पडद्यावर बोट ठेवलं. डाव्या बाजूला बारीक अक्षरांत काकांनीच एक नोंद ठेवली होती, जी ते स्वतः कधी वाचत नसत. पाठवलेले संदेश, सहा. पोचलेले, सहा. खाली तारीख, त्या बुधवारची. कापडात एक टाका चुकला तर काकू सगळी शिवण हातानं चाचपत मागे जायच्या, जिथे चूक सुरू झाली तिथपर्यंत. तशा त्या आता मागे मागे गेल्या.

“काय पाठवलंत तुम्ही त्यांना? वाचून दाखवा.”

काकांनी उघडलं. मुख्याध्यापकांचा मजकूर त्यांनी एवढ्या महिन्यांत फक्त अक्षरांच्या मापासाठी पाहिला होता. आता पहिल्यांदा ते तो अर्थासाठी वाचत होते. आपणांस कळविण्यात येते की आपली प्रगती समाधानकारक नसल्याने आपला प्रवेश या प्रबोधिनीतून कायमचा रद्द करण्यात येत आहे. पुनर्विचाराची विनंती करू नये, तसेच याबाबत संचालिकांशी प्रत्यक्ष अथवा दूरध्वनीवरून संपर्क साधू नये. खाली काकूंचं नाव. त्याखाली, वेळेच्या सदुपयोगाबद्दल एक सुविचार.

परीक्षेच्या सकाळी सहायकांनी काय लावून दिलं होतं ते काकांना आता कळलं. मग काका म्हणाले, की मी लगेच सगळ्यांना माफीचा ईमेल पाठवतो, एका बटणात होईल.

“नाही,” काकू म्हणाल्या. “तुम्ही चालत जा.”

काका चालत गेले. नर्सबाईंकडे त्यांना रुग्णांच्या नातेवाइकांच्या बाकावर पाऊण तास बसवून ठेवण्यात आलं. मग त्या आल्या, त्यांनी ऐकून घेतलं, आणि काकांचा रक्तदाब मोजला. तो वाढलेला होता. तेव्हा नर्सबाईंना थोडं बरं वाटलंसं दिसलं. कॅशियरबाईंनी तीच गोष्ट त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतली आणि दोन्ही वेळा एकसारखी येते का ते पाहिलं. टायपिस्टबाईंनी चार पानी उत्तर टाइप करून ठेवलं होतं, पाठवलं नव्हतं. ते त्यांनी काकांना समोर बसवून वाचून दाखवलं, त्यातल्या कलमांसकट. दोघी जावांकडे प्रकरण निराळंच निघालं. प्रत्येकीला वाटत होतं की दुसरीमुळे आपलंही नाव गेलं, आणि तीन आठवडे त्या एका स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बोलत होत्या. काकांनी सगळं नीट सांगितल्यावर त्या दोघी पहिल्यांदा एकमेकींकडे वळल्या आणि मग दोघी मिळून काकांकडे. ते सगळं काकांनी मान खाली घालून ऐकलं. पाचही जणींकडून निघताना त्यांना वाटत होतं की अपमान झाला, पण काम झालं.

थोरल्या बाईंचं घर त्यांनी शेवटी ठेवलं होतं. तळमजल्यावर दोन खोल्या, एकट्या राहायच्या. त्यांनी काकांना आत बोलावलं, बसायला दिलं, चहा ठेवला. शिवणमशीनच्या जागी भिंतीशी चार खुणा होत्या फरशीवर, फिकट, पायांच्या. संदेश आला तो भाचीनं वाचून दाखवला, असं त्या म्हणाल्या, आणि मग मशीन भाचीलाच दिलं, तिला तरी उपयोग होईल.

काकांनी सांगायला सुरुवात केली. ही माझी चूक, काकूंना यातलं काहीच माहीत नव्हतं, नावं चाचणीसाठी घातली होती, सर्व्हरची सेटिंग चुकीची होती, ती सहायकांनी बरोबर केली म्हणून चुकीचं झालं. बोलता बोलता त्यांना स्वतःलाच ऐकू येत होतं की हे खोटं वाटतंय. जितकं खरं सांगावं तितकं ते बनवून आणल्यासारखं होत होतं. थोरल्या बाईंनी त्यांचा कप पुढे सरकवला.

“एवढ्या लांब चालत आलात तुम्ही,” त्या म्हणाल्या. “आमच्या बाईंना सांगा, मला राग नाही. एकोणीस वर्षांत मला एक काज धड आलं नाही. त्यांनी तोंडावर कधी म्हटलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा. लिहून कळवलं तेच बरं केलं.”

“अहो, पण ते त्यांनी लिहिलंच नाही.”

“बरं,” त्या समजुतीनं म्हणाल्या. लहान मुलाला म्हणतात तसं.

काकांनी फोन काढून ती नोंद दाखवली, तारीख दाखवली, परीक्षेचं वेळापत्रक दाखवलं. फोनवर अक्षरं तीन ओळींत तुटली होती. थोरल्या बाईंनी चष्मा लावून सगळं पाहिलं आणि मान डोलावली, आणि काकांना कळलं की त्या आपल्याला जपताहेत.

सोमवारपासून वर्ग पुन्हा सुरू झाला. पाच खुर्च्या. सगळं पहिल्यासारखं झालं असं काकूही म्हणायच्या, पण बाहेरच्या खोलीत बसणाऱ्या काकांना फरक ऐकू यायचा. नर्सबाई आता प्रत्येक शिवणीनंतर विचारायच्या, हे बरोबर आहे ना. कॅशियरबाई घरून सराव करून यायच्या. कोणी गप्पांत रमली की दुसरी हळूच तिला कामाची आठवण करून द्यायची. कोणाचंच वाकडं जात नव्हतं, आणि हसायला कारण मिळत नव्हतं. तीस वर्षांत त्या खोलीत एवढं चांगलं शिवण कधी झालं नव्हतं. काकांनी वेबसाइट बंद करून टाकली. मुख्याध्यापकांनी सुविचारांचं काय, असं विचारलं, आणि सचिवांनी पाण्याच्या वेळांसाठी पुन्हा कागद लावला. प्रमाणपत्राची चौकट तयार होऊन आली ती काकांनी कपाटावर ठेवली, भिंतीकडे तोंड करून.

थोरल्या बाईंकडे मग काकू स्वतः गेल्या. त्या तास-दीड तास बसल्या. परत आल्यावर चपला काढता काढता म्हणाल्या, की सगळं ऐकून घेतलं त्यांनी, हो हो म्हणाल्या, आणि निघताना दारात मला विचारलं, बाई, खरं सांगा, माझं नक्की काय चुकायचं. एवढं बोलून काकू आत गेल्या आणि त्या दिवशी त्यांनी दिवा लावला नाही.

पण पुढच्या बुधवारी त्या पुन्हा गेल्या, आणि त्यानंतर दर बुधवारी जाऊ लागल्या. मशीन नाही तर नाही, हातशिवणीचं घेऊन जायच्या. पिशवी जड असायची, म्हणून काका ती उचलून बरोबर जात. फाटकापर्यंत. आत येऊ नका असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. फाटकाशी एक सिमेंटचा कठडा होता, त्यावर ते तास-दीड तास बसून राहायचे. आता काही मोजायची इच्छा व्हायची नाही.

एका बुधवारी त्या इमारतीतलेच एक गृहस्थ येऊन कठड्यावर टेकले. त्यांचा कुंड्यांचा व्यवसाय होता. बोलता बोलता ते म्हणाले, की हल्ली सगळ्यांची वेबसाइट असते, आपलीही असावी असं फार वाटतं. छोटीशीच. तुम्ही शिकलेले दिसता, तुम्हाला येतं का त्यातलं काही.

“नाही,” काका म्हणाले. “मला त्यातलं काही येत नाही.”

गृहस्थ गेले. तळमजल्याची खिडकी अर्धी उघडी होती आणि आतून दोघींचं बोलणं येत होतं, शब्द कळत नव्हते. मग एकदम दोघी हसल्या, आधी थोरल्या बाई आणि मागून काकू. काका उठले नाहीत आणि त्यांनी मान वळवून पाहिलंही नाही, न जाणो थांबायच्या. त्या आपल्यालाच हसत असू देत, असं त्यांना मनापासून वाटत राहिलं.